तिसऱ्या हाकेला ओ

तीनदा मोजा, सरासरी काढा, मगच माझ्याकडे या, हे आमच्या विज्ञानाच्या सरांचं पालुपद होतं. वर्गात कुणी पाणी प्यायला जायची परवानगी मागितली तरी मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, तीनदा माग. मला त्या वाक्याचा तेव्हा कंटाळा यायचा. आता वेगळ्याच कारणानं ते ऐकवत नाही.

मी तेव्हा नववीत होते. आमचं दुकान तिकोणा पेठेत, किल्ल्याकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं यायची, त्यांना पाण्याच्या बाटल्या, मॅगी आणि कांदाभजी विकायची. गावात आम्हा मुसलमानांची घरं मोजकीच, पण येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या ओट्यावर टेकल्याशिवाय पुढं जात नसे. त्यामुळं मला अगदी लहानपणापासून सगळ्यांशी बोलता येतं आणि त्याहून जास्त भांडता येतं. अम्मी म्हणायची, हिच्या जिभेला सुट्टी नाही. खरंच होतं ते.

माझ्या बाकावरची मैत्रीण माझ्या अगदी उलट. डोंगराच्या अंगावर वरच्या बाजूला एक वाडी आहे, तिथली. वर्गात तिचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. हजेरी द्यायची तीसुद्धा सरांना दुसऱ्यांदा विचारावी लागे. पण संध्याकाळी बकऱ्या परत आणायला ती कड्यावर उभी राहून हाक मारायची ना, ती आमच्या दुकानापर्यंत यायची. एवढ्याशा पोरीच्या अंगात एवढा आवाज कुठं मावतो, असं अब्बा नेहमी म्हणायचे.

त्या वर्षी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन लोणावळ्याला होतं. सरांनी सांगितलं, थर्माकोलचे ज्वालामुखी पुरे झाले, या वेळी काहीतरी निरीक्षण करून आणा. माझ्या डोक्यात लगेच वाडीच्या वाटेवरचा तो कातळ आला. तिथं उभं राहिलं की समोर उभा कडा, मधे खोल घळ, आणि बोललेलं परत येतं. किल्ल्यावर येणारी पोरं तिथं हमखास ओरडून जायची. मी सरांना म्हटलं, आपण प्रतिध्वनी मोजू. सर खूश झाले. म्हणाले, थंड हवेत आवाज जरा हळू जातो, उबदार हवेत जरा भराभर. तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी तापमान घ्या, हाक मारा, परत यायला किती वेळ लागतो ते बघा. प्रत्येक खेपेला तीनदा.

कामाची वाटणी करायला वेळ लागला नाही. हाक ती मारणार, अब्बांच्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच मी दाबणार. अडचण एकच होती. प्रदर्शनासाठी दोन रात्री लोणावळ्याला राहायचं होतं, माझ्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं. मैत्रिणीच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांना येऊ दे. ते म्हनतील तसं." ते म्हणजे मैत्रिणीचे वडील. ती त्यांना दादा म्हणायची. दादा नवलाख उंबऱ्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडं माल भरायच्या कामावर होते. तिकडंच चार-पाच जणांत खोली करून राहायचे आणि गुरुवारची सुट्टी धरून बुधवारी संध्याकाळी घरी यायचे. म्हणजे सगळं त्यांच्यावर अडलेलं. त्यांनी हो म्हटलं तर लोणावळा, नाही म्हटलं तर आमच्या सगळ्या हाका फुकट.

तिच्या आईनं परवानगी दिली नाही, पण एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. चुलीपुढं बसल्या बसल्या, आमच्याकडं न बघता ती म्हणाली, "दिवस कलल्यावर तितं हाका मारू नका. तितलं ते हाक शिकतं."

"काय शिकतं?" मी विचारलं.

"मानसाची हाक." तिनं लाकूड आत सारलं आणि विषय संपवला.

मी वाटेत मैत्रिणीला खूप चिडवलं. म्हटलं, आपल्याकडं पोरं पाढे शिकत नाहीत आणि तुमच्या वाडीतलं भूत मात्र अभ्यासू निघालं. ती हसली नाही, पण रागावलीही नाही. नुसतं म्हणाली, "आई म्हनती तसं."

सोमवारपासून आम्ही सुरू केलं. दिवाळीनंतरचे दिवस होते. सकाळी धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं असायचं. शाळेतून आणलेला थर्मामीटर आम्ही करवंदीच्या जाळीत सावलीला अडकवायचो आणि पारा स्थिर होईपर्यंत गप्पा मारायचो. मग ती कातळाच्या टोकाला जायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि एक लांब हाक द्यायची, "होऽऽ." हाक सुटताच मी बटण दाबायचे. क्षणभर काहीच नाही. मग समोरून यायचा "ओऽऽ", आणि मी पुन्हा बटण दाबायचे.

तुमच्यासारखाच डोंगर पण ह खातो, असं मी तिला म्हटलं. कारण तिच्या वाडीत आम्ही नाही, आमी म्हणतात. तुम्ही नाही, तुमी. या वेळी ती खुदकन हसली. आणि खरंच, तिची हाक "हो" अशी जायची आणि "ओ" होऊन यायची, कुणी हाकेला ओ द्यावी तशी. पहिल्या दिवशी मला त्याची गंमत वाटली.

सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळ्या नोंदी एकसारख्या. सकाळ-संध्याकाळचा फरक इतका बारीक की माझ्या अंगठ्याची चूक त्याच्याहून मोठी असेल. पण सर म्हणाले, म्हणूनच सरासरी. बुधवारी संध्याकाळी आम्ही लवकर आटपलं, कारण दादा यायचे होते; शाळेचं काम आहे, नक्की या, असा निरोप त्यांना धाडला होता. परवानगी मिळाली की मला दुकानात येऊन सांगायचं, असं ठरलं होतं. मी दुकान बंद होईपर्यंत ओट्यावर बसून राहिले. ती आली नाही.

गुरुवारी सकाळी ती कातळावर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. दादा आले नव्हते. फोन बंद लागत होता. तो कधीच धड लागायचा नाही, कारण वाडीला रेंज नाही आणि खोलीवर चार्जिंगला एकच बोर्ड. मागंही दोनदा ओव्हरटाइममुळं त्यांची सुट्टी बुडाली होती, म्हणून घरात कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. मला मात्र राग आला. मी म्हटलं, पोरीनं एवढं विचारलंय आणि यांना एक दिवस यायला होत नाही. ती कातळाच्या टोकाला गेली आणि तिनं हाक दिली.

पहिली नोंद नीट आली. दुसरीही नीट. तिसऱ्या हाकेला समोरून "ओऽऽ" आला, मी बटण दाबलं, आकडा वाचायला मान खाली घातली, आणि पुन्हा आला. "ओ." पहिल्यापेक्षा खालून आणि आखूड.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. ती म्हणाली, "लांबच्या कड्यावरनं आला असंल." मी म्हटलं, डोंगराला उचकी लागली. आणि आम्ही दोघी खो-खो हसत, थर्मामीटर उचलून शाळेला पळालो.

संध्याकाळी परत तेच. पहिल्या हाकेला एक ओ, दुसरीला एक, तिसरीला दोन. एरवी त्या वेळी घळीतल्या झाडांवर वानरांचा दंगा असतो. त्या दिवशी वानरं वरच्या कड्यावर ओळीनं बसली होती आणि सगळी खाली बघत होती. मला ते आवडलं नाही. माझी एक सवय आहे, भीती वाटली की मी जास्त बडबडते. तशी मी बडबडले, की डोंगर पण माझ्यासारखाच आहे, दोनदा ऐकून घेतो आणि तिसऱ्यांदा वैतागतो. ती हसली, पण तिचं लक्ष घळीकडं होतं. दिवस कलला होता. आम्ही नेहमीपेक्षा भराभर उतरलो, आणि उतरताना उगाच मोठमोठ्यानं हसत होतो.

शुक्रवारी सकाळी ती हाक मारायलाच तयार होईना. "आज नगं," म्हणाली. मी तिला झापलं. म्हटलं, एक दिवस गाळला तर तक्त्यात भोक पडेल, सर विचारतील तेव्हा तू उत्तर देशील का, तुला हजेरीसुद्धा देता येत नाही. ती मुकाट्यानं टोकाला गेली. एक, दोन, आणि तिसरी. प्रतिध्वनी आला. मग बराच वेळ काही नाही. मी म्हणणारच होते की बघ, काही नव्हतं. तेवढ्यात आला. शेवटी चिरकलेला, फाटका.  आम्ही थर्मामीटर जाळीतून ओढला आणि वाटेला लागलो. या वेळी कुणी हसलं नाही.

सरांना सांगितलं तर सर म्हणाले, छान, मागं दुसरा कडा असेल, त्याचाही प्रतिध्वनी येतो, तीही नोंद करा. मी विचारलं, मग तो पहिल्या हाकेला का येत नाही? सर म्हणाले, वाऱ्यामुळं. मी म्हटलं, वाऱ्याला मोजता येतं का सर, की आता तिसरी झाली, आता आणू या? सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले.

दुपारच्या तासाला आम्ही दोघी प्रयोगशाळेत जमिनीवर बसून मोठ्या कागदावर तक्ता काढत होतो. मी आकडे वाचत होते, ती स्केचपेननं लिहीत होती. गुरुवारच्या ओळीशी ती अडखळली. मग शुक्रवारच्या. पेन हातात तसंच धरून तिनं विचारलं, "तिसऱ्यालाच का गं?"

"मला काय माहीत. तुमचा डोंगर, तुम्हीच सांगा."

 ती कागदाकडं बघत अगदी हळू, हजेरी देतात तशा आवाजात म्हणाली, "आमच्यात रानात पयल्या हाकेला ओ देत न्हाईत."

हे मलाही माहीत होतं. पेठेत सगळ्यांनाच माहीत असतं. रानात चकवा असतो, तो आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की भलत्याच वाटेला नेतो. पण त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसऱ्यांदा नाही. म्हणून रानात कुणी बोलावलं तर पहिल्या दोन हाका ऐकून घ्यायच्या, तिसरी आली तरच ओ द्यायची. आमच्या दुकानात बसून म्हातारी माणसं हे इतक्यांदा सांगायची की मी त्यावर हसणंही सोडून दिलं होतं.

"म्हंजी तितं मानूस हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, असेल कुणी ट्रेकवाला, रस्ता चुकलेला. आणि बोलता बोलताच माझी जीभ जड झाली. पुण्या-मुंबईचा माणूस पहिल्याच हाकेला बोंब मारेल. तिसरी येईपर्यंत थांबणारा माणूस आपल्याकडचाच असणार. तिलाही ते कळलं होतं. ती म्हणाली, "दादा कधी कधी घळीच्या वाटंनं येत्यात. जीपमधनं अलीकडंच उतरून. लवकर पोचायला." तिच्या हातातलं पेन कागदावर टेकलं होतं आणि त्याचा डाग मोठा मोठा होत होता.

सरांनी दादांच्या खोलीवरच्या एका माणसाला फोन लावला. स्पीकरवर आम्हाला ऐकू आलं. तो म्हणाला, तो तर बुधवारीच दुपारी निघाला, पोरीच्या शाळेचं काहीतरी काम आहे म्हणत होता.  दोन रात्री झाल्या होत्या, आणि एकानंही त्यांना शोधलं नव्हतं.

आम्ही कातळावर पोचलो तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. सर होते, अब्बा होते, वाडीतून तिचा चुलता आणि आणखी एक जण दोर घेऊन आले होते. घळ लांबलचक आणि झाडीनं भरलेली. माणूस नेमका कुठं आहे हे कळल्याशिवाय उतरायचं तरी कुठून? चुलता तिला म्हणाला, "तूच मार हाक. तुझा आवाज वळखील."

ती टोकाला उभी राहिली. या वेळी तिनं "हो" म्हटलं नाही. "दादाऽऽ" म्हणाली. कड्यावरून ते परत आलं, आणि मग शांतता. पहिल्या हाकेला काही येणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिनं दुसरी हाक मारली. तीही तशीच विरली. मग तिनं तिसरी मारली, सगळा जीव ओतून. कड्यानं ती परत दिली आणि आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो.

काहीच आलं नाही.

माझ्या हातात मोबाइल होता. सवयीनं मी स्टॉपवॉच सुरू केलं होतं. त्यावर सेकंद पळत होते आणि थांबवायला काही कारण येत नव्हतं. घळीत कुठंतरी पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. अब्बा ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होते. दोरवाला माणूस म्हणाला, "पोरींना भास झाला असंल." सर जमिनीकडं बघत होते. मला ठाऊक होतं की ते भास नव्हते. माझ्याकडं आकडे होते. पण सकाळी ओ होती आणि आता नाही, याचा दुसरा अर्थ काय होतो तोही मला ठाऊक होता. 

चुलता म्हणाला, खालच्या रस्त्यानं फिरून जाऊ, घळीच्या तोंडातून वर शोधत येऊ. तोवर अंधार पडला असता. ती मटकन खाली बसली. तिचा चुलता म्हणाला, आणखी एकदा मार. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मान हलवली. "म्या न्हाई मारत. ते शिकलंय माझी हाक."

आणि माझं डोकं फिरलं. कशाचा राग आला ते आजही नीट सांगता येणार नाही. त्या कड्याचा, तिच्या आईच्या त्या बोलण्याचा, बुधवारी न आलेल्या माणसाचा, सगळ्याचाच आला. मी टोकाला गेले आणि गिऱ्हाइकावर खेकसावं तशी खाली ओरडले, "काका, मी दुकानातली. पोरगी रडून रडून अर्धी झाली तुमची. तीन हाका मारल्या तिनं, तुम्हाला ओ द्यायला काय होतंय? असाल तर बोला, नसाल तर नाही म्हणून तरी सांगा."

अब्बा माझा दंड धरून मला मागं ओढत होते. माझे शेवटचे शब्द कड्यावरून परत येत होते, आणि ते पुरते विरायच्या आत खालून, उजव्या हाताच्या जांभळीखालून आवाज आला. ओ नाही. घसा बसलेल्या माणसाचा, घोगरा.

"हितं हाय. हितं."

पुढचं सगळं पुरुषमाणसांनी केलं. दादा दोन खडकांच्या फटीत होते, पाय मोडलेला, बाजूला पाण्याची एक धार, म्हणून जगले. दोर आणि चादरीची झोळी करून त्यांना वर काढलं. झोळी आमच्या पुढ्यातून गेली तेव्हा मैत्रीण त्यांच्याकडं वाकली आणि "दादा" म्हणाली. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सगळ्यांना वाटलं, वेदनेनं.

चार-पाच दिवसांनी मी अम्मीबरोबर त्यांना दवाखान्यात बघायला गेले. पाय वर टांगलेला, पण आवाज परत आला होता. मैत्रीण पायाशी स्टुलावर, आई उशाशी. मी विचारलं, काका, तिनं तीनदा बोलावलं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत, आणि मला कसे बोललात?

 ते छताकडं बघत सांगू लागले.

"बुधवारी पडलो तवा लय वरडलो. घसा बसला. कुनी आलं न्हाई. मग उजाडताना माझ्या पोरीच्या आवाजात हाक आली. मी गप. दुसरी आली, मी गप. तिसरी आली तवा म्हनलं, आपलीच हाय. दिली ओ. तर वरनं हसायचा आवाज आला, आन गेलं ते. मी वरडत ऱ्हायलो. सांच्याला परत तीन हाका. ओ दिली, तर परत हसलं आन गेलं. शुक्रवारी परत. तवा मला कळलं, हे पोरीचा आवाज शिकलंय. ह्याला तीन हाका येत्यात. मंग ठरवलं, आता मेलो तरी तिच्या आवाजाला ओ द्यायची न्हाई."

 तिसरी हाक झाली की आमचं काम संपायचं. मी आकडा वाचायचे, ती थर्मामीटर काढायची आणि आम्ही निघायचो. त्यांचं बोलणं तिथून सुरू व्हायचं. इतके दिवस मी त्या घळीत काय असेल म्हणून घाबरत होते, आणि घळीतला माणूस वर काय आहे म्हणून घाबरत होता. वर आम्हीच होतो.

"आणि माझ्या हाकेला?" मी कसंबसं विचारलं.

"तू भांडत व्हतीस," ते म्हणाले. "ते भांडत न्हाई."

यावर तिची आई पदर तोंडाला लावून हसली, अम्मी हसली, शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मैत्रीण हसली नाही. दादांनी तेव्हाच सांगितलं की पोरीला लोणावळ्याला जाऊ दे, त्यासाठीच तर निघालो होतो. सांगताना ते तिच्या आईकडं बघत होते.

प्रदर्शनाच्या आधी सर म्हणाले, त्या तीन नोंदी गाळून टाका, निरीक्षणातली त्रुटी असं खाली लिहा, सरासरी बिघडते. एरवी सरांनी सांगितलेलं न मोडणारी माझी मैत्रीण म्हणाली, न्हाई सर. तिनं त्या तिन्ही नोंदी वेगळ्या रंगानं लिहिल्या. शुक्रवार संध्याकाळची ओळ तिनं शेवटी स्वतःच वाढवली. तिथं पहिल्या तीन रकान्यांत रेघ होती, आणि तक्त्याच्या बाहेर, समासात, एक चौथा रकाना. त्यात आकडा नव्हता. नुसती बरोबरची खूण होती.

लोणावळ्याच्या त्या हॉलमध्ये आमच्या एका बाजूला पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं आणि दुसऱ्या बाजूला शेवटी ज्वालामुखीच. परीक्षक बाई आमच्या तक्त्यापुढं बराच वेळ थांबल्या. काठीनं त्या वेगळ्या रंगाच्या आकड्यांवर टकटक करत म्हणाल्या, या नोंदी बाकीच्यांशी जुळत नाहीत. हे काय आहे?

बोलायचं काम माझं ठरलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मैत्रिणीनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "बाई, ते माझे दादा हायेत."

बाई पुढचं ऐकायला थांबल्या. पुढं ती काही बोलली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही काही बोलले नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेल्या. आमचा नंबर आला नाही. ज्वालामुखीचा आला.

आता याला काही वर्षं झाली. मी तळेगावला कॉलेजला जाते, ती पण. दादा लंगडत चालतात, कारखाना सुटला, घरीच कोंबड्या बघतात. सुट्टीत मी वाडीवर गेले की अंगणाच्या कडेलाच मोठ्यानं म्हणते, काका, आले हो. आणि आतून पहिल्याच हाकेला येतं, ये गं, भांडखोरे.

तिला मात्र तशी ओ येत नाही. चहा झाला की ती दारातून "दादा" म्हणते. ते चार पावलांवर बसलेले असतात, कोंबड्यांना दाणे टाकत. हात थांबतो. मान वर होत नाही. ती दुसऱ्यांदा म्हणते, मग तिसऱ्यांदा. एकदा मी न राहवून त्यांना झापलं, की काका, पोरगी समोर उभी आहे, दिसते ना तुम्हाला? ते ओशाळून म्हणाले, "दिसती गं. कळतंय समदं. पन तोंड उघडत न्हाई माझं."

ती याबद्दल कधी काही बोलत नाही. वैतागत नाही, जवळ जाऊन हात लावत नाही, आवाज चढवत नाही. तिसरी हाक मारून झाली की दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी राहते. घळीकडून पाखरांचा आवाज येत असतो, चहा निवत असतो. मग ती चौथ्यांदा "दादा" म्हणते, आणि ते ओ देईपर्यंत जागची हलत नाही.